मुंग्यांवरून जमिनीचे निदान करताना या चुका टाळा

इंदूरहून सकाळी निघाले, तर दुपारपर्यंत रालामंडल अभयारण्याची झाडी, सोयाबीनची शेते, नव्या वसाहतीतले रिकामे प्लॉट आणि रोज पाणी मिळणारी बागेतली हिरवळ असे जमिनीचे चार वापर पाहून होतात. त्यामुळे जमिनीच्या वापराचा भूचर मुंग्यांवर काय परिणाम होतो, हा विषय इथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र वापराचा म्हणून सांगितलेला फरक पुष्कळदा ऋतूचा किंवा मुंग्या पकडायच्या सापळ्याचा असतो.

सर्वांत ढोबळ चूक म्हणजे मे महिन्यात झाडीत आणि ऑगस्टमध्ये शेतात सापळे लावून दोन्हींची तुलना करणे. मृगाच्या सरींनंतर पंख फुटलेल्या मुंग्या बाहेर पडतात, पाचोळा भिजतो आणि जमिनीवरची वर्दळच बदलते. उलट कडक उन्हाळ्यात अनेक जाती दुपारी बिळातच राहतात आणि रात्री अन्न शोधतात. म्हणून सर्व ठिकाणचे सापळे एकाच दिवशी उघडावेत आणि दिवस व रात्र दोन्ही सापडतील असे ४८ तास ठेवावेत. अभयारण्यात त्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी आधीच घ्यावी लागते.

सापळा म्हणजे जमिनीत पुरलेला साधा प्लास्टिकचा पेला. पण माळव्याची काळी माती त्याची परीक्षा पाहते. पेल्याची कड जमिनीपेक्षा किंचित वर राहिली तरी लहान मुंग्या कडेवरून परत फिरतात. पाऊस ओसरल्यावर ही माती आकसते, पेल्याभोवती भेग पडते आणि मुंग्या पेल्याऐवजी भेगेत उतरतात; मग वहीत नोंद होते ती ‘शेतात मुंग्या कमी’ अशी. त्यावर उपाय म्हणजे एकात एक असे दोन पेले पुरणे, भोवतीची फट चाळलेल्या मातीने बुजवणे आणि रोज सकाळी कड पाहणे. बाहेरचा पेला जागेवरच राहत असल्याने आतला बदलताना पुन्हा खणावे लागत नाही. नुकतीच खणलेली माती काही दिवस मुंग्यांची वर्दळ वाढवते, त्यामुळे पेले पुरून, झाकून, सुमारे आठवडाभर तसेच ठेवावेत आणि मगच उघडावेत. पावसापासून बचावासाठी चार काड्यांवर तीन-चार सेंटिमीटर उंच झाकण पुरते. पेल्यात इथिलीन ग्लायकोल (गाडीच्या रेडिएटरमधले शीतक द्रव) घालू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि मोकळी कुत्री व गुरे कुठे नाहीत? दोन दिवसांसाठी पाणी आणि साबणाचा एक थेंब एवढे पुरे.

पेल्यातील संख्या म्हणजे तिथली लोकसंख्या, असे समजणे ही चूक अनुभवी लोकही करतात. पेला मोजतो ती ये-जा, आणि तो एखाद्या घरट्याच्या तोंडाशी पडला तर एकाच जातीच्या शेकडो मुंग्या त्यात सापडतात. म्हणून मुंग्यांची डोकी मोजण्याऐवजी २० पेल्यांपैकी किती पेल्यांत ती जात आली, हे मोजावे. मात्र एकाच शेतातील हे २० पेले म्हणजे २० पुरावे नव्हेत; ते त्या एका शेताविषयीच बोलतात. तुलना करायची तर परस्परांपासून दूर असलेली अनेक शेते आणि झाडीचे अनेक तुकडे हवेत, आणि पेले बांधापासून दूर, आत हवेत, नाहीतर बांधावरच्या मुंग्या शेताच्या खात्यात जमा होतात.

‘शेत’ एवढीच नोंदही अपुरी असते. नांगरटीने उथळ घरटी मोडतात, तर खोल घरट्यांतील राणी वाचू शकते. गव्हाची नरवाई (आपण जिला धसकटे म्हणतो ती) जाळली, तर आगीची धग मातीत फार खोल जात नाही. पण पाचोळ्यातले कोळी, गोमी आणि भुंगेरे होरपळतात आणि वाचलेल्यांची सावली व अन्न जाते. तेव्हा शेवटची नांगरट, जाळणे, पाणी आणि फवारणी यांच्या तारखा शेतकऱ्याला विचाराव्यात, आणि विचारताना नरवाई हाच शब्द वापरावा.

मराठीतल्या ‘वारूळ’ शब्दानेही फसगत होते, कारण बांधावरचे उंच मातीचे वारूळ बहुधा वाळवीचे असते, आणि वाळवी ही ‘पांढरी मुंगी’ म्हणवत असली तरी झुरळांच्या जवळची आहे. वाळवी आणि गांडुळे पेल्यात क्वचितच पडतात. त्यांच्यासाठी २५ × २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल मातीचा ठोकळा काढून हाताने निवडावा.

ओळख पटवताना फेइडोले या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकाच जातीचे मोठ्या डोक्याचे सैनिक आणि लहान कामकरी या दोन वेगळ्या जाती धरल्या जातात आणि यादी फुगते. ही चूक टाळली, तरी केवळ जातींच्या संख्येवर निकाल देऊ नये. हिरवळीवरची आणि झाडीतली संख्या सारखी येऊ शकते, पण हिरवळीवर मोकळ्या, ढवळलेल्या जागेत रुळणाऱ्या मुंग्या असतात, जशी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली सोलेनोप्सिस जेमिनाटा. आणि झाडीत वाळवीवर धाड घालणारी लेप्टोजेनिस प्रजातीतील शिकारी मुंगी भेटू शकते. मोठा काळा मुंगळा तर बागेत, शेतात आणि झाडीत सगळीकडेच फिरतो, त्यामुळे तो दिसला म्हणून जमिनीविषयी फारसे काही कळत नाही.