मायकोरायझा टाकूनही फरक दिसत नाही? या चुका टाळा

मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळात राहून त्याला मातीतलं स्फुरद (फॉस्फरस) आणून देणारी बुरशी, बाजारात ती पाकिटात मिळते. सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो. २०० लिटरचा ड्रम, त्यात दोन किलो गूळ, थोडं बेसन, वरून मायकोरायझाचं पाकीट, चार दिवस काठीने ढवळायचं आणि मग पिकाला सोडायचं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांना हे चालतं कारण ते गुळावर वाढतात, पण मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं, मुळाच्या आत शिरून झाडाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ मिळाले तरच ती बुरशी वाढते, नाहीतर नाही. म्हणून तर कंपन्यांना पण ती मका-ज्वारीच्या कुंड्यांमध्ये किंवा लॅबमध्ये गाजराच्या जिवंत मुळांवर वाढवावी लागते. आम्ही पण एका वर्षी ड्रम भरला होता, वर पांढरी साय आली म्हणून वाटलं वाढला मायकोरायझा. ती साय दुसऱ्याच बुरशीची होती, पाकिटातले स्पोअर (बुरशीचे बीजाणू) होते तेवढेच राहिले.

यातूनच दुसरी चूक होते, मुळावर पांढरं दिसलं की खूश व्हायचं. आपल्या पिकांतला मायकोरायझा डोळ्यांना दिसतच नाही, मूळ स्वच्छ करून, निळा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. खोडाच्या बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसत असतील तर तो स्क्लेरोशियम आहे, बुड कुजवणाऱ्या बुरशीचा रोग आहे, त्याचा बंदोबस्त करा. व्हिडिओत झाडाच्या मुळांवर पांढरी टोपी घातल्यासारखी बुरशी दाखवतात ती खरी असते, पण तो वेगळा गट, पाइन, ओक, साल अशा झाडांचा, आणि त्या गटातल्या बऱ्याच बुरशींच्या छत्र्या जंगलात जमिनीवर येतात. फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिलं ते अशाच झाडांची मुळं बघून. आमरीच्या (ऑर्किडच्या) बुरशी अजून वेगळ्या, तिच्या धुळीसारख्या बियांमध्ये अन्नसाठाच नसतो, बुरशी भेटल्याशिवाय त्या रुजतच नाहीत.

शेतीत कामाचा गट म्हणजे ज्याला पाकिटावर व्हॅम (VAM, मुळाच्या आत शिरणारा मायकोरायझा) लिहितात तो. याच्या ३०० च्या वर जाती नोंदवल्या गेल्यात, जमिनीवरच्या साधारण ७० टक्के वनस्पतींशी त्यांची भागीदारी आहे, आणि गोवा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने आपल्याकडच्या जातींवर भरपूर काम केलंय. पाकिटात मात्र बहुतेक वेळा एक-दोनच जाती असतात, ग्लोमस नावाच्या. शेतात आधीच बऱ्याच जाती असतात, त्या जपणं हे पाकिटाच्या आधीचं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

आता पीक. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट, राजगिरा ही मंडळी ही भागीदारी करतच नाहीत, यांना मायकोरायझा देणं म्हणजे पैसे मातीत घालणं. उलट कांदा, लसूण, हळद, मिरची, केळी, डाळिंब, द्राक्ष, तूर यांना चांगला उपयोग होतो. कांद्याची मुळं आखूड, त्यांना केसमुळं नावापुरती, त्यामुळे तो बुरशीवर जास्तच अवलंबून असतो.

पण त्याच कांद्याला लागणीच्या वेळी डीएपीच्या (भरपूर स्फुरद असलेल्या खताच्या) गोण्या आणि वरून मायकोरायझा, हे मी दरवर्षी बघतो आणि खरंच वाईट वाटतं. स्फुरद मातीत जागच्या जागी अडकून बसतं, मुळाच्या आजूबाजूचं एक-दोन मिलिमीटरमधलं संपलं की झाड उपाशी, आणि बुरशीचे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जाऊन ते आणून देतात, ही त्यांची मुख्य मजुरी. झाडाला स्फुरद आयतं भरपूर मिळालं की ते बुरशीला साखर द्यायला तयार होत नाही, मुळात शिरूच देत नाही. म्हणून आधी माती परीक्षण करा, रिपोर्टमध्ये स्फुरद जास्त आलं असेल तर पाकिटाचा खर्च वाचवा आणि डीएपी कमी करा, कमी असेल तर डोस एकदम बंद न करता बेताचा ठेवा.

दुसरं मोठं नुकसान रोटाव्हेटर आणि मोकळं रान. वारंवार रोटर मारला की मातीतलं धाग्यांचं जाळं तुटतं. ग्लोमससारख्या जाती मुळांच्या तुकड्यातून परत उठतात, गिगास्पोरासारख्यांना मात्र जवळजवळ स्पोअरवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून सारखं फिरवलेल्या रानात जातींची विविधता घटते. आणि रान बराच काळ पिकाशिवाय राहिलं की बुरशीला खायलाच काही नसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनीत, म्हणजे आपल्यासारख्याच भारी चिकण मातीत, लांब पडीकानंतर पेरलेलं पीक खुरटायचं, पानात स्फुरद-जस्त कमी पडायचं, आणि १९८० च्या दशकात त्याचा संबंध याच बुरशी कमी होण्याशी लावला गेला. जमेल तिथे मधल्या काळात ताग, धैंचा टाका.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे, ते मायकोरायझालाही मारक ठरतं, म्हणून त्याची आळवणी (मुळाशी ओतणं) आणि मायकोरायझा एकाच आठवड्यात करू नका. मर (झाड वाळवणारा रोग) लागली असेल तर औषध द्यायचंच, पण मग मायकोरायझा काही आठवडे पुढे ढकला.

टाकायची जागा पण चुकते. खतात मिसळून फेकलेला दाणा मुळाला लागलाच नाही तर काय उपयोग. सगळ्यात चांगली वेळ रोपवाटिका, कारण कोकोपीटच्या ट्रेमध्ये रोपांना ही बुरशी मिळतच नाही, आणि टिश्यू कल्चरची केळी तर निर्जंतुक बाटलीतून आलेली असते. ट्रेच्या मिश्रणात किंवा लागणीच्या खड्ड्यात मुळाला टेकेल असं द्या. पावडर ड्रिपने सोडणार असाल तर पूर्ण विरघळणारी आहे का बघा, नाहीतर ड्रीपर चोक होतात.

घेताना पाकिटावर स्पोअरची संख्या, बनवल्याची आणि संपायची तारीख वाचा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. आणि सगळ्या रानात एकदम टाकू नका, दोन-चार वाफे कोरे ठेवा, खुंटी मारून खूण करा. मुळांमध्ये बुरशी बसायला तीन-चार आठवडे तरी जातात, आठव्या दिवशी काही दिसणार नाही, पण महिन्या-दीड महिन्याने दोन्हीकडची चार-चार रोपं मुळासकट उपटून शेजारी ठेवा आणि काढणीला दोन्हीचं वजन वेगळं करा.