ई-कॅडहेरिनचा अहवाल वाचताना या चुका टाळा

ई-कॅडहेरिन हे जठर, आतडे, त्वचा, स्तनातील नलिका अशा आच्छादक ऊतींतील पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे प्रथिन आहे. पेशीबाहेरील त्याच्या पाच खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले की ते ताठ होऊन शेजारच्या पेशीवरील जोडीदाराला पकडते. आतले शेपूट पी१२० आणि बीटा-कॅटेनिन या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याशी बांधलेले असते. म्हणजे त्याचे काम चालते ते पेशीपटलावर. बहुतेक चुका येथेच होतात, कारण प्रथिन आहे की नाही एवढेच पाहिले जाते आणि ते नेमके कोठे आहे याची चौकशी राहून जाते.

स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या खंडिकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) कर्करोगात हे प्रथिन बहुधा नाहीसे होते, म्हणून आयएचसी (प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून ते स्लाइडवर रंगवण्याची चाचणी) अहवालात ‘ई-कॅडहेरिन पॉझिटिव्ह’ दिसताच गाठ डक्टल (नलिकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारची) ठरवून टाकण्याकडे कल असतो. हे घाईचे आहे. काही लोब्युलर गाठींत बिघडलेले प्रथिन शिल्लक राहते. रंग मात्र पेशीच्या कडेला सलग न दिसता तुटक दिसतो किंवा आतल्या द्रवात पसरलेला असतो. अशा वेळी पी१२० चे रंजन उपयोगी पडते, कारण डक्टल गाठीत ते कडेला राहते, तर लोब्युलर गाठीत आत उतरते. आणि साध्या एच-ई (नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेल्या) स्लाइडवर सुट्या पेशी एकामागोमाग एक रांगेने शिरताना स्पष्ट दिसत असतील, तर एका रंगाच्या भरवशावर ते निदान फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. गाठीत अडकलेल्या निरोगी नलिका गडद रंगतात; त्यांना गाठीचा भाग समजू नये, पण दुर्लक्षही करू नये, कारण त्याच रंगल्या नाहीत तर दोष स्लाइडचा आहे आणि रंजन पुन्हा करायला हवे.

स्लाइड फसण्याचे मूळ पुष्कळदा प्रयोगशाळेच्या बाहेरच असते. सासवड, बारामतीसारख्या ठिकाणांहून पुण्यात येणारा नमुना अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला, जेमतेम बुडेल एवढ्याच फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) किंवा नुसत्या सलाइनमध्ये आला, तर आतला भाग स्थिर होण्याआधीच खराब होऊ लागतो आणि रंग फिका येतो. १० टक्के बफर्ड फॉर्मालिन नमुन्याच्या किमान दहापट असावे, मोठी गाठ काप देऊनच त्यात ठेवावी आणि स्तनाच्या नमुन्यासाठी ६ ते ७२ तासांची मर्यादा पाळावी. दुसऱ्या मतासाठी रुग्ण फक्त स्लाइड घेऊन जातात. ब्लॉकही (मेणात बसवलेला मूळ नमुना) मागून घ्यावा, म्हणजे गरज पडल्यास नवे रंजन करता येते.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची नेहमीची चूक ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराची. गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी) वाढवायच्या, ट्रिप्सिन-ईडीटीए घालून उचलायच्या, लगेच फ्लो सायटोमेट्रीला (एकेका पेशीवरील प्रथिन मोजणाऱ्या तपासणीला) लावायच्या आणि ‘ई-कॅडहेरिन नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते, प्रथिनाचा बाहेरचा भाग सैल पडतो आणि ट्रिप्सिन तो कापून टाकते. कॅल्शियम असताना तेच ट्रिप्सिन त्याला धक्का लावत नाही. जपानचे मासातोशी ताकेइची या कुळातील प्रथिनांपर्यंत पोहोचले ते याच फरकाच्या आधारे. म्हणून पेशी फक्त ईडीटीएने सुट्या कराव्यात, आणि वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीसाठी) सरळ खरवडून घ्याव्यात. ब्लॉटमध्ये सुमारे १२० किलोडाल्टनची पट्टी दिसली म्हणजे प्रथिन पटलावर आहे असे सिद्ध होत नाही. ८० च्या आसपासची पट्टी तर तुटून बाहेर पडलेल्या तुकड्याची असू शकते. प्रतिपिंड बाहेरच्या भागाला चिकटते की आतल्या शेपटाला, हे माहितीपत्रकात आधी वाचावे. तुलनेसाठी स्तनाच्या कर्करोगाच्या सेल लाइन घ्याव्यात: एमसीएफ-७ मध्ये हे प्रथिन असते आणि एमडीए-एमबी-२३१ मध्ये नसते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

कुटुंबांना सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. गाठीत ई-कॅडहेरिन नाही म्हणजे दोष आनुवंशिक आहे, असे नव्हे. बहुतेक लोब्युलर गाठींत सीडीएच१ या ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या जनुकातील बिघाड त्या गाठीपुरताच असतो. जन्मजात दोष रक्ताच्या किंवा लाळेच्या जनुकीय तपासणीतच कळतो आणि तो असेल तर प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. जठराच्या पसरत जाणाऱ्या (डिफ्यूज) कर्करोगाशी त्याचा संबंध १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत प्रथम दाखवला गेला. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ अशी नोंद असलेल्या बदलावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. जनुकीय समुपदेशकाशी बोलावे. उलट रोगकारक दोष निश्चित झाला असेल, तर एंडोस्कोपी स्वच्छ आल्याने निर्धास्त होऊ नये. कर्करोगाचे सुरुवातीचे सूक्ष्म ठिपके वरच्या अखंड आवरणाखाली असतात आणि दुर्बिणीला दिसत नाहीत, म्हणूनच अशा व्यक्तींना संपूर्ण जठर आधीच काढण्याचा पर्याय सांगितला जातो. त्याच कुटुंबातील स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर कर्करोगाचाही धोका असतो. तो मॅमोग्राफीत सहज निसटतो, म्हणून दोष असलेल्या स्त्रियांनी वयाच्या ३० व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करून घ्यावा.