कळण्याच्या उकडीतले ग्लुटेनमुक्त खिमा गोळे

मीटबॉलमध्ये खिमा बांधून ठेवण्याचे काम एरवी दुधात भिजवलेला पाव किंवा पावाचा चुरा करतो. सिलिॲक आजार असलेल्या माणसाला तो चालत नाही, कारण गव्हातील ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे त्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि थोडेसे खाल्ले तरी ती होऊ शकते. पावाला पर्याय शोधण्यासाठी खान्देशातील माणसाला मात्र घराबाहेर जावे लागत नाही. ज्वारीत अख्खे काळे उडीद मिसळून दळलेले कळण्याचे पीठ हे काम उत्तम करते, फक्त ते कच्चे घालू नये.

हे मी चुकून शिकले. पहिल्या खेपेला मी खिम्यात चार चमचे कोरडे पीठ घातले आणि गोळे रश्श्यात सोडताच त्यांचा निम्मा भाग विरघळून रस्सा गढूळ झाला. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून एवढेच विचारले, "विरी गेलेल्या पिठाची भाकर थापायची असली, तर आपण काय करतो?" विरी गेलेले म्हणजे जुने होऊन चिकटपणा गेलेले पीठ. आपण आधणाचे पाणी घालून त्याची उकड काढतो. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचे कोरडे पीठ स्वतःहून काही बांधत नाही. पण उकळत्या पाण्यात त्यातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि उडदाचा चिकटपणा त्याला जोड देतो. ही उकड पाणी धरूनही ठेवते, त्यामुळे कमी चरबीचा खिमा शिजताना कोरडा पडत नाही.

परदेशात असे गोळे पुष्कळदा टर्कीच्या खिम्याचे करतात. जळगाव-धुळ्याच्या चिकनच्या दुकानांत टर्की सहसा मिळत नाही, म्हणून येथे कोंबडीचे प्रमाण दिले आहे; टर्की मिळाल्यास कृती तीच राहते. अर्धा किलो खिम्यासाठी ३०० ग्रॅम मांडीचे आणि २०० ग्रॅम छातीचे बोनलेस मांस कातडी काढून घ्यावे. नुसत्या छातीचा खिमा पौष्टिक म्हणून घेतला जातो, पण त्याचे गोळे चोथ्यासारखे लागतात. खिमा घरी आणल्यावर धुऊ नये, कारण धुतलेल्या खिम्यात पाणी राहते आणि गोळे वळत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा बाजारातून आल्यावर खिमा ओट्यावर न ठेवता थेट फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी वापरावा.

पिठाबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. ज्वारी आणि उडीद या दोन्हींत ग्लुटेन नाही. परंतु गिरणीत आपल्या आधी कोणाचे गहू दळले गेले असतील, तर जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ आपल्या डब्यात येते. अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, म्हणजे गिरणीतील एक मूठ गव्हाचे पीठसुद्धा आपला डबा बिघडवायला पुरेसे आहे. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत नसतील, तर प्रश्नच नाही. नसल्यास धान्य निवडून मिक्सरवर थोडे थोडे दळावे आणि बारीक चाळणीने चाळून घ्यावे. अर्ध्या किलो खिम्याला ४० ग्रॅम पीठ लागते, त्यामुळे मिक्सरला फार श्रम पडत नाहीत. हिंगही तपासून घ्यावा, कारण बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. या कृतीत मी हिंग घालतच नाही. खपली हासुद्धा गहूच आहे, त्यामुळे तो चालतो हा समज सोडून द्यावा.

उकडीसाठी ६० मिलिलिटर पाण्यात चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, आच बंद करून पीठ घालावे आणि उलथन्याच्या टोकाने ढवळून पाच मिनिटे झाकून ठेवावे. नंतर कोमट असताना हाताला पाणी लावून ती गुठळ्या मोडेपर्यंत मळावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. गरम उकड खिम्यात घातल्यास खिमा तापतो आणि गोळे नीट बांधले जात नाहीत.

गार खिम्यात आधी एक लहान चमचा मीठ घालून तो दोन-तीन मिनिटे मळावा. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन खिम्याला चिकटपणा येतो. चमचाभर खिमा तळहातावर दाबून हात उलटा केल्यावर तो खाली पडला नाही, म्हणजे मळणे पुरे झाले. मग त्यात उकड, बारीक चिरून पिळून घेतलेला एक कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या व बोटभर आल्याचे वाटण, मूठभर कोथिंबीर आणि दीड चमचा काळा मसाला घालावा. मसाला घरचा असेल तर उत्तम. विकतच्या पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय तो घालू नये. या मिश्रणाचा सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून चाखून पाहावा, कारण कच्च्या मांसाचे मीठ चाखून ठरवता येत नाही. त्यानंतर मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ओल्या हाताने लिंबाएवढे, सुमारे ३० ग्रॅमचे गोळे वळावेत. साधारण २२ गोळे होतात.

तळण्याऐवजी मी आप्पेपात्र वापरते. प्रत्येक खळग्यात शेंगदाण्याच्या तेलाचे तीन-चार थेंब टाकून मध्यम आचेवर गोळा ठेवावा, वर झाकण घालावे आणि पाच-सहा मिनिटांनी खालची बाजू आपोआप सुटू लागली की उलटावा. चिकटून बसलेला गोळा ओढून काढू नये. तो अजून भाजला गेलेला नसतो. दुसरी बाजूही तेवढाच वेळ भाजावी. गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान आले पाहिजे आणि घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर त्यावरच भरवसा ठेवावा. नसल्यास सर्वांत मोठा गोळा फोडून पाहावा. आत गुलाबी भाग किंवा लालसर पाणी दिसता कामा नये.

नुसते गोळे हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर छान लागतात. रस्सा हवा असल्यास भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण तेलात परतून पातळसर रस्सा करावा आणि तो मंद खदखदत असताना भाजलेले गोळे पाच मिनिटांसाठी सोडावेत. डाव घालून न ढवळता पातेलेच हलवावे. राहिलेले गोळे गार करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, मात्र खाण्यापूर्वी ते वाफ येईपर्यंत गरम करावेत.

सोबत त्याच कळण्याची भाकरी असावी. घरात इतरांसाठी पोळ्याही होत असतील, तर भाकरी आधी करून घ्यावी, कारण एकदा पोळपाट आणि तव्यावर कणीक उडाली की फडक्याने पुसून ती पुरती जात नाही.