प्रौढशिक्षणाचा अभ्यासक राजदूत होतो, तेव्हा त्याची चरित्रनोंद कशी लिहावी

चरित्रकोशासाठी, गौरवग्रंथासाठी किंवा एखाद्या नियतकालिकासाठी अशा व्यक्तीवर लिहायची वेळ आली, की बहुतेक लेखकांच्या हातून एकाच कागदावर दोन माणसे उतरतात. पहिल्या निम्म्या भागात एक प्राध्यापक असतो, दुसऱ्या निम्म्या भागात एक राजदूत असतो, आणि मध्ये ‘पुढे त्यांची नियुक्ती झाली’ एवढेच एक वाक्य असते. नोंदीचा कस लागतो तो नेमका या सांध्यावर. तो कसा शोधावा, हे येथे नायजेरियाचे मायकेल अबिओला ओमोलेवा यांच्या उदाहरणावरून पाहू. ते इबादान विद्यापीठात प्रौढशिक्षणाचे प्राध्यापक होते, २००० ते २००९ या काळात युनेस्कोमध्ये नायजेरियाचे स्थायी प्रतिनिधी होते आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या ३२व्या सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले.

जन्मगाव आणि पदव्या यांना नोंदीत जागा हवीच, परंतु त्या हाताळण्याआधी त्या व्यक्तीचे संशोधन वाचावे आणि तिने आयुष्यभर कोणता प्रश्न विचारला, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ओमोलेवा मुळात इतिहासाचे अभ्यासक. लंडन विद्यापीठाच्या परीक्षा १८८७ पासून १९५१ पर्यंत नायजेरियात कशा रुजल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डने तेथे बहिःशाल (म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीचे) वर्ग कसे चालवले आणि त्यानंतर काय घडले, हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. शिक्षण एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा ते कोण ठरवते आणि ज्यांच्यासाठी ते आणले जाते त्यांचे त्यात किती चालते, हा प्रश्न या सगळ्यामागे आहे. हे वाक्य हाती आले की पुढची पदे त्याच्याशी ताडून पाहता येतात.

येथे ‘बहिःशाल’ हा शब्द समजून वापरावा. आपल्याकडे विद्यापीठांची बहिःशाल शिक्षण मंडळे गावोगाव व्याख्यानमाला चालवतात, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. मात्र पश्चिम आफ्रिकेत त्याला आणखी एक धार होती. इबादानचे विद्यापीठ महाविद्यालय १९४८ मध्ये लंडन विद्यापीठाशी संलग्न म्हणून सुरू झाले आणि लगेच १९४९ मध्ये रॉबर्ट गार्डिनर तेथे बहिःशाल विभागाचे संचालक झाले. देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता, त्याला स्वातंत्र्य मिळायला ११ वर्षे होती. अशा वेळी नोकरीधंदा करणारी प्रौढ माणसे संध्याकाळी एकत्र बसून राज्यकारभार आणि अर्थकारण यांवर वाद घालत असतील, तर त्या वर्गाला निव्वळ साक्षरतेचा वर्ग म्हणणे चूक ठरेल. प्रौढांना शिकवणाऱ्याला फळ्याकडे बोट दाखवून गप्प बसवता येत नाही, कारण समोरच्याला आपल्या कामातले बरेच काही आधीच ठाऊक असते. बरोबरीच्या माणसांची बैठक चालवण्याची ही सवय पुढे आंतरराष्ट्रीय सभागृहात उपयोगी पडावी यात नवल नाही. तरीही ‘त्यामुळेच ते यशस्वी झाले’ असे पुराव्याशिवाय लिहू नये.

गार्डिनर यांचे उदाहरण दुसऱ्या एका कारणासाठीही जवळ ठेवावे. घानाचे हे गृहस्थ इबादानला येण्यापूर्वीच संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त विभागात, म्हणजे स्वराज्य न मिळालेल्या विश्वस्त प्रदेशांचे काम पाहणाऱ्या विभागात, काम करून आले होते. इबादाननंतर त्यांनी घानाच्या प्रशासनात वरची पदे सांभाळली, काँगोतील पेचप्रसंगात संयुक्त राष्ट्रांच्या कार्याची जबाबदारी घेतली आणि १९६२ ते १९७५ अशी १३ वर्षे अदिस अबाबा येथील, संयुक्त राष्ट्रांच्याच आफ्रिका आर्थिक आयोगाचे कार्यकारी सचिवपद भूषवले. म्हणजे आधी अभ्यासक आणि मग मुत्सद्दी हा क्रम त्यांच्या बाबतीत मुळीच लागू पडत नाही. तारखा एका कागदावर ओळीने मांडल्याखेरीज ‘अमुक ते तमुक’ असा मथळा देण्याचा मोह टाळावा.

सर्वाधिक चुका होतात त्या पदांच्या नावांत. मी स्वतः एका नोंदीत ‘युनेस्कोचे अध्यक्ष’ असे लिहून मोकळा झालो होतो आणि संपादकांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला होता. असे पदच नाही. स्थायी प्रतिनिधी हा आपल्या देशाचा माणूस असतो आणि सरकारच्या सूचनांनुसार बोलतो. महासंचालक हा संघटनेच्या सचिवालयाचा प्रमुख असतो. २००३ मध्ये त्या पदावर जपानचे कोइचिरो मात्सुरा होते. सर्वसाधारण परिषद दर दोन वर्षांनी भरते, तीत प्रत्येक सदस्यदेशाला एक मत असते, आणि तिचा अध्यक्ष त्या अधिवेशनासाठी सदस्यदेश निवडतात. तेव्हा ‘ओमोलेवा युनेस्कोचे प्रमुख झाले’ हे वाक्य खोडून ‘नायजेरियाचे स्थायी प्रतिनिधी असतानाच सदस्यदेशांनी त्यांना सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष निवडले’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या होत्या हे त्यातूनच कळते.

त्यानंतर श्रेयाचा प्रश्न येतो. २००३ चे अधिवेशन घटनांनी भरलेले होते. १९८४ च्या अखेरीस बाहेर पडलेली अमेरिका १ ऑक्टोबर २००३ रोजी युनेस्कोत परतली आणि १७ ऑक्टोबर रोजी परिषदेने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार स्वीकारला. अमेरिकेचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला होता. कराराचा मसुदा अधिवेशनाआधीच आंतरसरकारी बैठकांत घासूनपुसून तयार झाला होता आणि महासंचालकांनी त्याचा पाठपुरावा केला होता. म्हणून ‘त्यांच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनात स्वीकारला गेला’ एवढेच म्हणावे, ‘त्यांनी घडवून आणला’ असे म्हणू नये.

पण एवढ्यावर थांबले तर नोंद कोरडी राहते. करारातील व्याख्या उघडून वाचावी. समुदाय, गट आणि काही वेळा व्यक्ती ज्या प्रथा, अभिव्यक्ती, ज्ञान आणि कौशल्ये आपल्या सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून ओळखतात, तो अमूर्त वारसा, अशी ती आहे. म्हणजे वारसा कोणता हे ठरवताना पहिला शब्द तो जगणाऱ्यांचा. बहिःशाल वर्गांचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा मजकुरासाठी मतदान घेतले जाताना अध्यक्षपदी असावे, हा योगायोग असला तरी तो नोंदवण्याजोगा आहे, आणि योगायोग म्हणूनच नोंदवावा. मराठी वाचकासाठी येथे एक वाक्य वाढवता येते: याच कराराच्या यादीत २०१७ मध्ये कुंभमेळ्याची नोंद झाली आणि तीत नाशिकचा सिंहस्थही येतो.

शेवटी ग्रंथसूचीकडे वळताना एक गोष्ट करावी. आफ्रिकेतील पारंपरिक शिक्षणपद्धती आणि आजच्या जगात त्यांचा उपयोग या विषयावर ओमोलेवा यांचा एक लेख २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय शिक्षणविषयक नियतकालिकात आला. नियमाप्रमाणे तो तळाच्या सूचीत जाईल. तेथून तो उचलून राजदूतपदाच्या परिच्छेदात, अधिवेशनाच्या उल्लेखाला लागूनच बसवावा, कारण तो छापला गेला तेव्हा लेखक पॅरिसमध्ये आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणूनच काम करत होता.