प्लेपेन घ्यायचा की नाही? पैसे घालवण्याआधी या चुका टाळा

बाळ रांगायला लागलं की घरातल्या मोठ्यांची अंघोळ तीन मिनिटांत उरकायला लागते, तीही दार किलकिलं ठेवून. अशाच एखाद्या सकाळी मोबाइलवर प्लेपेनची, म्हणजे बाळाला आत ठेवायच्या छोट्या कुंपणाची, जाहिरात दिसते आणि ऑर्डर जाते. घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच घरांत हा प्लेपेन दोन महिन्यांत वाळलेले कपडे टाकायची जागा होऊन बसतो. दोष सहसा वस्तूचा नसतो, घेताना केलेल्या हिशेबाचा असतो.

‘बाळाला आवडेल का?’ या प्रश्नापासूनच गडबड सुरू होते. रांगत्या बाळाला अख्खं घर हवं असतं, चार जाळ्यांच्या आत बसायची हौस कुणाला असणार? प्लेपेन तुमच्यासाठी असतो. म्हणून हिशेब तुमच्या दिवसाचा करा: बाळापाशी तुम्ही एकटेच असता असे तास किती, आणि त्यात दोन्ही हात गुंतलेले असतात असे प्रसंग किती? आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी दिवसभर घरात असतील, तर जमिनीवर सतरंजी आणि स्वयंपाकघराच्या दाराला एक सेफ्टी गेट एवढ्यावर भागतं. दुसरं माणूस कामावर गेल्यावर कढईत तेल तापलंय, दारात पार्सलवाला उभा आहे आणि न्हाणीघरात भरलेली बादली आहे, असं रोजचंच असेल तर मात्र प्लेपेन पैसे वसूल करतो. तान्ह्या मुलाला बुडायला दोन इंच पाणीही पुरतं, त्यामुळे ‘दोन मिनिटांत येते’ यावर विसंबून चालत नाही.

वॉकर आणि प्लेपेन यांत गोंधळलेल्यांसाठी: वॉकर नकोच. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण चाकांवरचं बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोचतं.

वेळ चुकते

बारशाच्या भेटीत आलेला प्लेपेन सहा महिने माळ्यावर पडतो आणि बाहेर काढेपर्यंत बाळ धरून उभं राहत असतं. मूल साधारण चार ते सहा महिन्यांत कुशीवर वळतं, पालथं पडतं, सात ते दहाच्या दरम्यान रांगतं आणि वर्षाच्या आसपास चालतं. बसायला लागलं की प्लेपेनची ओळख करून द्यावी. घरभर फिरायची चटक लागल्यावर पहिल्यांदा आत ठेवलंत, तर ते ऐकून घेणार नाही.

जागा न मोजता मागवणं

उत्पादनाच्या फोटोतली खोली बघून फसू नका. चार बाय सहा फूट हा आकडा वाचताना लहान वाटतो, वन बीएचकेच्या हॉलमध्ये तो सोफ्यापासून टीव्हीपर्यंत सगळं खातो. ऑर्डर करण्याआधी जमिनीवर खडूने तेवढा चौकोन काढा आणि तीन-चार दिवस त्याच्या बाहेरून चालून बघा. बाल्कनीचं दार उघडतंय का, रात्री गाद्या कुठे पडणार, सगळं तिथेच कळतं. चौकोनाशेजारी पडद्याची दोरी, चार्जरची वायर, देव्हाऱ्यातली समई हाताला लागेल असं काही येत असेल, तर ती जागा बाद.

कोणता घ्यायचा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक घडीचा: चारी बाजूंना जाळी, खाली पातळ कडक गादी, पिशवीत बसणारा. गावी किंवा आजोळी न्यायचा असेल तर हाच. दुसरा प्लास्टिकच्या पॅनेल जोडून केलेला. त्यात जागा ऐसपैस मिळते, पण ‘पोर्टेबल’ हे नाव त्याला उगाच चिकटवलेलं आहे.

पॅनेलवाल्याची नेहमीची तक्रार म्हणजे तो सरकतो. मूल उभं राहून दोन्ही हातांनी ढकलतं आणि अख्खं कुंपण स्वयंपाकघराच्या दिशेने निघतं. याचं कारण बहुधा तळाच्या रबरी वाट्यांत असतं. त्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर, ओल्या फडक्याने पुसून दाबल्या तरच धरतात. शहाबादी फरशीवर, दोन टाइलच्या सांध्यावर किंवा खाली अंथरलेल्या फोमच्या मॅटवर त्यांचा काही उपयोग होत नाही. मॅट कुंपणाच्या आत बसवा, खाली नको. फरशी खडबडीत असेल तर पॅनेलचा नाद सोडा.

घडीच्या प्रकारात रडवणारी गोष्ट म्हणजे तो उघडणं. बहुतेक जण आधी तळ दाबून सपाट करतात आणि मग वरच्या दांड्या काही केल्या ‘खट्’ होत नाहीत. बहुतेक मॉडेलमध्ये क्रम उलटा असतो. तळाचा मधला भाग वरच राहू द्या, चारी दांड्या एकेक करून वर ओढा, प्रत्येकीचा खटका ऐका, वरून हाताने दाबून बघा आणि शेवटी तळ खाली ढकला. मिटताना तळाचा पट्टा आधी वर खेचायचा, मग दांडी जराशी उचलून बटण दाबायचं. तळ सपाट असताना बटणाशी झटापट केली तर बटणच तुटतं.

हा खटका क्षुल्लक समजू नका. १९९८ मध्ये शिकागोतल्या एका पाळणाघरात घडीच्या पाळण्याची दांडी मिटून इंग्रजी व्ही आकार झाला आणि त्यात मान अडकून दीड वर्षाच्या आतलं मूल दगावलं. तो पाळणा कंपनीने पाच वर्षांपूर्वीच परत मागवलेला होता. म्हणून ओळखीतून जुना प्लेपेन घेताना आधी चारी दांड्यांवर जोर देऊन बघा, मग जाळीवरून हात फिरवा. फाटकी जाळी, शर्टाचं बटण आरपार जाईल एवढी भोकं किंवा हलणारी दांडी दिसली तर फुकटातही नको.

‘गादी फार कडक आहे हो!’

ती तशीच असायला हवी. आपल्याकडे पाहुणी आली की लगेच वर एक गोधडी, एक मऊ गादी आणि मोहरीची उशी येते. जादा गादी घातली की कडेला फट पडते आणि पालथं पडलेल्या तान्ह्याचं नाक तिच्यात रुतू शकतं. सोबत आलेलीच गादी, वर घट्ट बसणारी सुती चादर, एवढंच पुरे. उन्हाळ्यात पाठ घामेजते ही तक्रार खरी आहे. त्याला पंखा आणि थोड्या वेळाने बाहेर काढणं हाच इलाज.

आत ठेवलं की रडतं? पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा, पाच मिनिटांत, हसतंय तोवरच उचला. दोनच खेळणी द्या आणि रोज बदला. स्टीलची वाटी-चमचा महागड्या खेळण्यांपेक्षा जास्त टिकतो. मोठे टेडी आणि रंगीत चेंडूंचा ढीग नको. टेडी पायरी होतो, आणि लाळेने माखलेले शंभर चेंडू धुणार कोण? पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ताणू नका, शिक्षा म्हणून तर कधीच ठेवू नका.

बंद कधी करायचा? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या घडीच्या प्लेपेनवर साधारण ८९ सेंटीमीटर उंचीची मर्यादा लिहिलेली असते. तेवढी उंची व्हायच्या आधीच मुलाने कठड्यावर टाच टेकवली, तर त्याच दिवशी घडी घाला. मूळ गादी, पिशवी आणि माहितीपत्रक जपून ठेवलं असेल तर तो विकताना भावही बरा येतो.