गेलेल्या भावावर गाणं करताय? मी केलेल्या या चुका टाळा

दादा गेल्यावर दीड वर्षाने मी त्याच्यावर गाणं केलं, आईला ऐकवलं, तिने पूर्ण ऐकलं आणि "चाल छान आहे" एवढंच म्हणाली. तेव्हाच कळलं काहीतरी गंडलंय.

गंडलं होतं ते शब्दांत. आभाळ, तारा, पाऊस, आठवणींचा हिंदोळा, सगळा माल एकाच कडव्यात भरलेला आणि त्यात दादा कुठेच नाही. दादा बिल्डिंगखाली आला की हॉर्न द्यायचा, एक लांब एक छोटा, म्हणजे गॅलरीतून गेटची चावी टाक, आणि मी मुद्दाम उशीर करायचो मग खालून शिव्या. ती चावी गाण्यात आली आणि तारे आपोआप उडाले.

गेलेल्याला देव पण करू नका, राग असेल तर येऊ द्या. अमेरिकन कंट्री गायक ब्लेक शेल्टनचा मोठा भाऊ रिची १९९० मध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेला, ब्लेक तेव्हा १४ वर्षांचा. खूप वर्षांनी त्याने आणि गायिका मिरांडा लॅम्बर्टने मिळून 'ओव्हर यू' हे गाणं लिहिलं, त्यात चक्क भांडण आहे, तू गेलासच कसा टाइप, आणि भाऊ हा शब्दच नाही. म्हणजे नातं सांगत बसायची गरज नसते.

आता पट्टी, म्हणजे गाणं कुठल्या सुरापासून धरायचं. बॅलडमध्ये, म्हणजे अशा संथ भावुक गाण्यात, ध्रुवपद वर चढतं, घरी रियाजात तो वरचा सूर मस्त लागतो पण लोकांसमोर रडू आलं की गळा आवळतो आणि पहिला तोच सूर जातो. मी पेटीच्या काळी एकमध्ये बसवलं होतं, वर्षश्राद्धाला फाटलं. सरळ दोन पट्ट्या खाली या, पांढरी सात, कराओके ॲपमध्ये मायनस दोन. रेकॉर्डिंगमध्ये आवाज जरा कापला तर राहू दे, ऑटोट्यूनने (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) घासू नका. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी प्लीज, शब्द कळले पाहिजेत, बाथरूममध्ये गातोय असं नको.

तरी नाहीच जमलं तर दुसऱ्याला द्या गायला, त्यात कमीपणा कसला. ब्लेकच्यानेही ते स्टेजवर गायलं जाईना, मिरांडाने तिच्या २०११ च्या अल्बममध्ये गायलं आणि २०१२ ला त्या गाण्याला सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशन) साँग ऑफ द इयर मिळालं. माझं चुलत बहिणीने गायलं, मी नुसता कीबोर्डवर. चावीच्या ओळीला आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, मागे घेतलं आणि परत लावलं.