पाऊस लागायच्या आत: ड्रिलच्या रिकाम्या पेट्या कामाला लावायची तयारी

मे महिन्यात अंगणात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) मिरची आणि कोकमाची सोलं वाळत पडलेली असतात, त्याच उन्हात हे काम उरकून घ्यावं. जूनचा पहिला आठवडा उलटला की गोव्यात प्लास्टिकसुद्धा धड वाळत नाही.

सुरुवात शोधाशोधीने. माळा, मांगर (बागेतली शेड), जिन्याखालची खोपटी, गाडीची डिकी, सगळीकडून रिकाम्या पेट्या बाहेर काढून एका जागी मांडायच्या. ड्रिलच्या, ग्राइंडरच्या, जिगसॉच्या, पान्यांच्या सेटच्या. घरात बांधकाम होऊन गेलं असेल तर फिटर मंडळींनी सोडलेल्या एक-दोन पेट्याही सापडतात. प्रत्येक पेटी कानाशी धरून हलवा. आतल्या साच्याच्या खाचेत चकची (बिट आवळायची) चावी, एखादं काँक्रीटचं बिट किंवा ग्राइंडरचा पाना हमखास अडकलेला असतो आणि तोच आपण वर्षभर शोधत असतो. त्यानंतर विचारायचा प्रश्न एकच, या पेटीचं यंत्र अजून जिवंत आहे का? असेल तर पेटीला हात लावायचा नाही. चालत्या ड्रिलची पेटी काढून घेतली की ते ड्रिल पिशवीत जातं आणि पिशवीतल्या ड्रिलची वायर कुठून तरी सोलवटतेच. यंत्र जळालंय, विकलंय किंवा त्याच्या बॅटऱ्या मिळायच्या बंद झाल्यात, अशाच पेट्या पुढे घ्या.

आता त्यातल्या कामाच्या कुठल्या, ते ठरवायचं. पेटी उलटी करून त्रिकोणातला आकडा बघा, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ड्रिलच्या जाडजूड पेट्या बहुधा एचडीपीईच्या आणि दुहेरी भिंतीच्या असतात. बाहेरची भिंत सपाट, आतली यंत्राच्या आकाराची आणि मधे पोकळी. ही पोकळी लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच बरीच कामं वाढतात. मग बिजागरी तपासा. पेटी पाच-सहा वेळा उघडून मिटून बघायची. बिजागरीच्या घडीवर पांढरी रेघ उमटली असेल तर ती या पावसाळ्यात नाही तर पुढच्या उन्हाळ्यात जाणार. मग बोट फिरवून बघायचं. पत्र्याखाली उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या पेटीवर खडूसारखी भुकटी येते, अशा पेटीचा कोपरा अंगठ्याने दाबला तरी कडकन तडकतो. तिच्यावर श्रम घालवू नयेत. काळ्या पेट्या या बाबतीत जास्त टिकतात, काळ्या रंगासाठी घातलेली काजळी ऊन अडवते. खिट्टी तुटलेली असली तर मात्र पेटी बाद करायचं कारण नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा कापून पेटीभोवती आवळून बांधला की खिट्टीपेक्षा घट्ट बसतो.

धुण्याआधी कागद घेऊन बसा आणि कामं लिहून काढा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. पेटी समोर ठेवून ‘हिच्यात काय भरू’ असं विचारलं की तिच्यात जुने खिळे, संपलेले सेल आणि कुठल्याशा रिमोटचं झाकण जमा होतं. माझं मत असं की ही पेटी साठवणीसाठी नाहीच. घरात एकाच जागी राहणाऱ्या वस्तूंना खण बरा, बरणी बरी. जे काम वस्तूंच्या जागेपासून दूर करायचं असतं, त्यालाच ड्रिलची पेटी शोभते. म्हणजे भाटात (माडांच्या बागेत), गच्चीवर, शिडीवर, नदीच्या काठावर, दुसऱ्याच्या घरी. मूठ धरून उचलली की त्या कामाचं सगळं सामान एका हातात आलं पाहिजे. अशी कामं घरटी तीन-चारच निघतात आणि तेवढ्याच पेट्या ठेवायच्या.

धुवायला भांड्याचा साबण आणि कोमट पाणी पुरतं. ग्रीस असेल तर आधी रॉकेलचा बोळा फिरवा, स्टिकरचा चिकटा खोबरेल तेलाने सुटतो. अडचण होते ती पोकळीची. स्क्रूच्या भोकांतून, बिजागरीच्या पिनेजवळून पाणी दोन भिंतींच्या मधे शिरतं आणि बाहेरून पेटी कोरडी ठणठणीत दिसते. हलवल्यावर खळखळ ऐकू आली तर खालच्या कोपऱ्यात बाहेरच्या भिंतीला बारीक भोक पाडा, तो कोपरा खाली करून दोन-तीन दिवस भिंतीला टेकवून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर त्या भोकात आखूड स्क्रू पिळून टाका. भोक उघडं ठेवू नका. मुंग्यांना अशी पोकळी फार आवडते. पाऊस सुरू झाला की अंडी तोंडात धरून त्या रांगेने आत जातात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पेटी उचलली की मुठीतून मनगटावर येतात. कुंभारीण माशीही अशीच भोकं हेरून मातीने लिंपते. मांगरात पडून असलेली पेटी धुवायला घेताना झाकण आपल्यापासून लांब धरून उघडायचं हे वेगळं सांगायला नको. विंचवाला अंधारी खाच कुणी शिकवावी लागत नाही.

मग येतो आतला साचा कापायचा की नाही हा प्रश्न. शक्य तोवर कापू नका. आतली भिंत काढली की पेटीचा कणाच जातो, झाकण लवलवतं आणि खिट्टी समोरासमोर येत नाही. बॅटरीच्या चौकोनी खळग्यात सेलची पाकिटं बसतात, मुठीच्या वाकड्या खळग्यात टॉर्च बसतो, उरलेल्या खोलगट जागेत कापडी बटवे कोंबता येतात. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा लवचिक फोम कापून खळगे सपाट केले तरी भागतं. कापायचंच असेल तर कडेने दोन बोटं पट्टी ठेवून आतलाच भाग कापा, म्हणजे चौकट शाबूत राहील. जाड कटर चालतो, वेळ लागतो एवढंच. मल्टीटूल असेल तर वेग कमी ठेवायचा. जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळतं आणि पात्यामागे पुन्हा जुळून येतं. कापलेली कड कानशीने मारा, नाहीतर प्रत्येक वेळी हाताला ओरखडा.

आत कप्पे, हूक, पट्टे लावायचे तर गोंदाच्या नादी लागू नये. एचडीपीईला काहीच नीट चिकटत नाही. फेव्हिक्विक, एपॉक्सी, ग्लू गन, सगळं लावल्या दिवशी घट्ट वाटतं आणि आठवड्यात पापुद्र्यासारखं निघतं. पॉप रिव्हेट आणि त्यामागे वॉशर, किंवा नट-बोल्ट, किंवा दोन भोकं पाडून केबल टाय, हे तीनच खात्रीचे मार्ग. नाव घालायलाही तेच लागू. ऑइलपेंट सोलतो, मार्कर घामाच्या हाताने पुसट होतो. तापल्या सोल्डरिंगने अक्षरं कोरावीत, तेही वाऱ्याला बसून, धूर अंगावर न घेता. आणि नाव झाकणावर नको, अरुंद बाजूला हवं. एकावर एक रचल्या की झाकण दिसतंच कुठे?

पेटी तयार वाटली की रात्री दिवे घालवून टॉर्च पेटता आत ठेवा आणि झाकण लावा. जिथून उजेड बाहेर येतो तिथून पाणी आत जाणार. बहुतेक पेट्या चहूबाजूंनी उजळतात, कारण त्यांना रबराची पट्टी कधी नव्हतीच. म्हणून ओलाव्याने खराब होणारी वस्तू आत पुन्हा झिपच्या पिशवीत हवी. पिशवीत सिलिका जेलचे दाणे टाका. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, नारिंगी असतील तर हिरवे. एखाद्या टाकाऊ कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा कामाला येतात. भाकरीचा तवा यासाठी घेऊ नये, रंगासाठी त्यांत जे रसायन असतं ते पोटात जायच्या लायकीचं नसतं. लोखंडी हत्यारांना मशीन ऑइलचा हात फिरवा आणि कापडात कापराच्या दोन वड्या बांधून ठेवा, सुतारांची ही जुनी रीत आहे.

आता भरायला घ्या. पहिली पेटी वीज जाण्याची, आणि ती मेच्या अखेरीस तयार हवीच, कारण पहिल्या वादळी सरीत माड तारांवर आडवा होतो. टॉर्च, त्याच मापाचे सेल सेलोफेनसकट, मेणबत्त्या, काडेपेटी झिपच्या पिशवीत, टेस्टर, पकड, इन्सुलेशन टेप, जुन्या घरात अजून फ्यूज असेल तर फ्यूजची तार. सुटे सेल आणि किल्ल्या एका खळग्यात ठेवू नका. झाकणाच्या आत आकडे कोरून ठेवा: विजेच्या तक्रारीला १९१२, अँब्युलन्सला १०८, अडीअडचणीला ११२. अंधारात मोबाइलमध्ये नंबर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरी कलमांची. ज्यांचं भाट किंवा कुळागर (पोफळीची बाग) आहे त्यांना ही पेटी जून-जुलैत रोज लागेल. काजू-आंब्याचं कोवळ्या फाट्यावरचं कलम पावसाळी दमट हवेतच चांगलं जगतं. सामान थोडंच: कलमाचा चाकू, छोटी कात्री, पॉलिथिनच्या पट्ट्या, स्पिरिटची बाटली नि कापूस, जातीचं नाव लिहायला पत्र्याच्या चकत्या, पेन्सिल. पेन्सिलच, बॉलपेनची शाई पत्र्यावर टिकत नाही. कलमकाड्या आठवडा-दहा दिवस आधी झाडावरच पानांची पाती छाटून तयार केलेल्या असतात. कापून आणल्या की ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या लांब खळग्यात आडव्या ठेवायच्या. ड्रिलच्या खळग्यात कलमकाड्या सहज मावतात, साचा कापायची गरजच पडत नाही. पेटी जलरोधक नाही याचा इथे फायदाच होतो, आत कोंडून बुरशी धरत नाही. फक्त पेटी सावलीत ठेवावी. काळी पेटी उन्हात राहिली तर काड्या तासाभरात माना टाकतील.

तिसरी चवथीची, आणि या पेटीसाठी मी सगळ्यात मोठा बॉक्स राखून ठेवला आहे. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना माणूस शिडीवर असतो आणि खालून कुणीतरी ‘कात्री खंय?’ म्हणून विचारत असतो. सुंभ, बारीक तार, एस आकाराचे हूक, कात्री, पकड, दिव्यांच्या माळेचे सुटे बल्ब, टेस्टर, टेप एवढं आत हवं. केवण या रानझुडपाच्या सालीचे दोर घालायचे असतील तर ते ताजेच आणावेत, पेटीत वर्षभर ठेवून काळे पडतात. नारळाचा घड, चिबूड, निरफणस ही वजनदार मंडळी कुठल्या हुकावर आणि आंबाडे, तोरिंग कुठे, याचा चौकटीचा नकाशा कागदावर काढून झिपच्या पिशवीत ठेवला की पुढच्या वर्षी वाद निम्मे. विसर्जन झाल्यावर पेटी बंद करण्याआधी काय संपलं ते त्याच कागदामागे लिहायचं. बाजारातल्या गर्दीच्या दिवशी ते आठवत नाही.

बाकीच्या पेट्यांबद्दल थोडक्यात. गळ टाकणाऱ्यांना ही पेटी उत्तम, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि शिसं खाली, गऱ्या फोमच्या पट्टीत टोचून वर. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुतलं नाही तर आठवड्यात गंज. भजनाच्या टाळांना फोममध्ये गोल खाच करून द्यावी, दोऱ्यांसकट. दिवाळीत नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांना पकड, बाइंडिंग वायर, कटर भरून एक पेटी द्यावी, पण परत मिळेल अशी आशा धरू नये.

काही गोष्टी यात घालूच नयेत. चार्जर आत ठेवून झाकण लावून चार्ज करणं किंवा एक्स्टेंशन बोर्ड पेटीत बसवून अंगणात टांगणं, हे दोन्ही मी पाहिलेलं आहे आणि दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. हे प्लास्टिक तापतं, वितळतं आणि पेट घेतं. तेल-ग्रीस लागलेल्या पेटीत खाण्याची वस्तू नको. औषधं नकोत, बंद गाडीत पेटी भट्टी होते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, विक्रीखत असले कागद तर अजिबात नको, एक तर ते खळग्यांवर सपाट बसत नाहीत आणि दुसरं म्हणजे आपण मघाशी टॉर्चने काय पाहिलं?

उरलेल्या धडक्या पेट्या माळ्यावर परत चढवू नका. गावातल्या प्लंबरला, वायरमनला विचारा. हत्यारं सिमेंटच्या पोत्यात घालून स्कूटरला अडकवणारा एखादा तरी असतोच, तो आनंदाने नेतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या हत्यारांसोबत त्याही खपून जातात. ज्या तडकल्या आहेत त्यांच्या बिजागरीच्या लोखंडी पिना पकडीने ओढून काढा, खिट्ट्या वेगळ्या करा, फोम काढा आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या दिवशी द्या. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, पण वर्गवारी घरात झाली तरच पुढे त्याचा उपयोग. भाटातल्या पातेऱ्याबरोबर पेटी जाळायची सवय अजून पुष्कळ वाड्यांवर आहे, तेवढं टाळा. पिना मात्र फेकू नका, भंगारवाल्याच्या डब्यात टाका.